कोकणातल्या घरात गिझर बिघडला तर: आधी काय बघायचं, मग कोणाला बोलवायचं

कोकणात गिझर कशाला लागतो, असं विचारणाऱ्यांनी आषाढात ओल्या लाकडांवर आंघोळीचं पाणी तापवून बघावं. न्हाणीतला बंब माळ्यावर गेला आणि वाडीवाडीत गिझर आले. बसवून देणारे भरपूर आहेत, दुरुस्त करणारे मोजके. कंपनीचा माणूस यायचा तर तालुक्याच्या गावाहून, नाहीतर थेट चिपळूण, रत्नागिरी किंवा कुडाळहून येणार. तो येतो, झाकण उघडतो, 'टाकी गेली, नवीनच घ्या' म्हणतो आणि आपण मान डोलावतो.

माझं निरीक्षण असं, की आपल्याकडे गिझर आपणहून फारसा बिघडत नाही. त्याला बिघडवतात वीज, विहिरीचं पाणी आणि खारी हवा. हे तीन आधी तपासले तर निम्म्या वेळा गिझरचं झाकण उघडायची गरजच पडत नाही. शहरातून गावी राहायला आलेले, नवीन घर बांधलेले आणि फक्त गणपती-शिमग्याला घर उघडणारे चाकरमानी, अशांना डोळ्यांसमोर ठेवून पुढचं लिहितो आहे.

१. घरात नक्की कोणता गिझर आहे ते बघा

स्टोरेज गिझर म्हणजे १०, १५, २५ लिटरची टाकी. कॉइल बहुधा २००० वॅटची. इन्स्टंट म्हणजे ३ लिटरच्या आसपासचा छोटा. कॉइल बहुधा ३००० वॅटची. तिसरा गॅस गिझर, त्याचं गणित वेगळं, ते सातव्या टप्प्यात.

गिझरच्या अंगावर स्टिकर असतो. त्यावर मॉडेल, सीरियल नंबर, वॅट आणि व्होल्ट लिहिलेले असतात. आजच मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा. दमट हवेत दोन-तीन पावसाळ्यांत ही अक्षरं उडतात आणि मग फोनवर 'मॉडेल नंबर सांगा' म्हटलं की शिडी लावून भिंग घेऊन बसावं लागतं.

२. ही लक्षणं दिसली तर आधी एमसीबी पाडा, मग बाकीचं

- नळाला किंवा पाण्याला हात लावल्यावर झिणझिण्या येणं, अगदी हलक्या असल्या तरी
- सॉकेटभोवती काळं पडणं, प्लग हाताला गरम लागणं, जळका वास
- नळातून पाण्याऐवजी वाफ येणं किंवा पाणी उकळल्याचा आवाज (पाणी तापल्यावर वीज तोडणारा थर्मोस्टॅट अडकला आहे, वीज तुटत नाही)
- गिझरच्या खालच्या झाकणातून, म्हणजे वायरी असतात तिथून, पाणी गळणं

एमसीबी म्हणजे बोर्डावरची, जास्त वीज ओढली गेली की आपोआप पडणारी खटकी. नुसतं गिझरचं बटण बंद करून भागत नाही. जुन्या वायरिंगमध्ये बटण न्यूट्रलवर लावलेलं सापडतं, म्हणजे बटण बंद असलं तरी फेज गिझरपर्यंत पोचलेलाच असतो. 'पायात चप्पल घालून आंघोळ केली की शॉक लागत नाही' हा उपाय मी चांगल्या शिकलेल्या घरांतही ऐकला आहे. कृपा करून असलं काही करू नका.

३. वीज तपासा

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. 'पाणी तापायला फार वेळ लागतो, कॉइल कमजोर झाली' ही तक्रार घ्या. कॉइल कमजोर होत नाही; ती चालते, नाहीतर तुटते. १५ लिटर पाणी २७ अंशांवरून ६० अंशांपर्यंत न्यायला २००० वॅटच्या कॉइलला साधारण १७ मिनिटं लागतात. पण ही २००० वॅट २३० व्होल्टवर मिळतात. डीपीपासून, म्हणजे वाडीला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरपासून लांब, वाडीच्या टोकाला घर असेल आणि संध्याकाळी व्होल्टेज १८० वर आलं असेल, तर तीच कॉइल जेमतेम १२२५ वॅट देते आणि १७ मिनिटांची २८ मिनिटं होतात. नवीन कॉइल टाकलीत तरी २८ मिनिटंच लागणार. ओळखायचं असं: पहाटे लवकर झटपट तापतं आणि संध्याकाळी रेंगाळतं का, ते बघा. तसं असेल तर तक्रार महावितरणकडे, १९१२ वर. मेकॅनिकला बोलावण्यात अर्थ नाही.

दुसरं, वायर आणि सॉकेट. ३००० वॅटचा गिझर १३ अँपिअर ओढतो. त्याला १६ अँपिअरचं सॉकेट, बोर्डापासून स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी लागते. २००० वॅटला तांब्याची २.५ चौ. मिमी वायर चालते, ३००० ला ४ चौ. मिमी टाकून घ्या. मिक्सरच्या पॉइंटवरून एक्स्टेन्शन बोर्ड ओढून चालवलेले गिझर मी पाहिले आहेत. ते चालतात, आणि एक दिवस बोर्ड वितळतो. समुद्राजवळच्या घरांत आणखी एक भानगड म्हणजे खाऱ्या हवेने प्लगच्या पितळी पिनांवर हिरवट थर चढतो, संपर्क सैल होतो, तिथेच उष्णता तयार होते. वर्षातून एकदा, मेन बंद करून, प्लग काढून बघा. सॉकेट काळवंडलं असेल तर घासूनपुसून परत वापरू नका, बदला.

तिसरं, बिलावरचा 'मंजूर भार'. जुन्या घरांच्या बिलावर तो एक किलोवॅट किंवा त्याहून कमी असतो. घरात ३ किलोवॅटचा गिझर आणि पंप एकत्र चालवता आणि 'लाईट सारखी जाते' म्हणता, तर आधी भारवाढीचा अर्ज करा. तो महावितरणच्या संकेतस्थळावरून करता येतो.

आणि चौथं, अर्थिंग. यावर थोडं थांबतो, कारण कोकणात हेच सगळ्यात दुर्लक्षित आहे. घर जांभ्याच्या सड्यावर असेल तर उन्हाळ्यात कोरड्या कातळातून वीज जमिनीत नीट उतरतच नाही. खड्डा खणला, पत्रा पुरला, कोळसा-मीठ घातलं, म्हणजे झालं असं नाही. फेब्रुवारीनंतर त्या खड्ड्यात ओल राहते का, हा खरा प्रश्न. शक्य असेल तर अर्थिंगचा खड्डा ओलाव्याच्या जागी, माडाच्या आळ्याजवळ किंवा सांडपाणी जिरतं तिथे घ्या, आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत चला. जुन्या घरांत अर्थिंगची तार नळाच्या लोखंडी पाइपला बांधलेली असायची. पुढे पाइप पीव्हीसीचा झाला आणि तार तशीच लटकत राहिली. वायरमनला मल्टिमीटरने तीन आकडे मोजून दाखवायला सांगा: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ. पहिले दोन जवळपास सारखे आणि तिसरा दोन-चार व्होल्टच असेल तर ठीक. फेज-अर्थ भलतंच कमी आलं तर अर्थिंग नावालाच आहे.

अर्थिंगच्या जोडीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच (आपल्याकडे अजून ईएलसीबीच म्हणतात) बसवून घ्या. नव्या मोबाइलपेक्षा स्वस्त आहे. तो वारंवार पडतो म्हणून काढून टाकणारे वायरमनही भेटतात. अशा वायरमनला परत बोलावू नका.

४. पाणी बघा

गरम पाणी तांबूस येतंय? गार पाण्याचा नळ सोडून बादलीत बघा. दोन्ही तांबूस असतील तर दोष विहिरीचा, बोअरचा किंवा पावसात पाण्यात उतरणाऱ्या जांभ्याच्या मातीचा. फक्त गरमच तांबूस असेल तर टाकी आतून गंजते आहे.

टाकीच्या आत मॅग्नेशियमची एक कांडी असते, तिला ॲनोड म्हणतात. टाकीच्या आधी ती झिजते, म्हणून टाकी वाचते. कांडी संपली की गंज टाकीला धरतो. गिझर गळेपर्यंत ही कांडी आहे हेच बहुतेकांना माहीत नसतं. हर्णै, गुहागर, मालवण, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यालगतच्या बऱ्याच विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. अशा पाण्यात कांडी लवकर संपते, आणि साध्या स्टीलच्या टाकीलाही बारीक भोकं पडतात. मचूळ पाणी असेल तर दर वर्षी, नाहीतर दोन वर्षांनी कांडी काढून बघायला सांगा. अर्ध्याहून जास्त झिजली असेल तर बदला. टाकीच्या किमतीपुढे कांडीची किंमत किरकोळ आहे.

पाण्याची शंका असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना तपासून मिळतो. तो अहवाल जपा, वॉरंटीच्या वादात उपयोगी पडतो.

५. लक्षणावरून अंदाज

दिवा लागतो, पाणी गारच: बहुतेक मॉडेलांत याचा अर्थ कॉइल तुटली.

वीज आहे पण दिवाही नाही, पाणीही गार: थर्मल कटआउट (पाणी फारच तापलं तर वीज तोडणारा) पडला असेल किंवा थर्मोस्टॅट गेला असेल. कटआउटचं बटण दाबून सुरू होतं, पण तो का पडला, हे शोधायलाच हवं.

बटण दाबताक्षणी एमसीबी पडते: कॉइल किंवा वायर शॉर्ट. आरसीसीबी पडतो आणि एमसीबी तशीच राहते: कुठेतरी वीज गळते आहे, बहुधा कॉइलला तडा गेलाय किंवा आत ओल शिरली आहे. कोणता पडला ते लक्षात ठेवा, मेकॅनिकचा पहिला प्रश्न तोच असायला हवा.

तापताना तडतड आवाज: कॉइलवर क्षार चढले आहेत. कॉइल काढून साफ करावी लागते.

पाणी कढत, पण एका बादलीतच संपतं: आत गाळ भरला आहे, नाहीतर गार-गरम पाइप उलटे जोडले आहेत. नवीन बसवलेल्या गिझरला हे झालं तर पाइपच आधी बघा.

गरम पाण्याला कुजक्या अंड्यांसारखा वास: बंद घर उघडल्यावर हमखास येतो. टाकीत साठून राहिलेल्या पाण्यातले जिवाणू आणि ॲनोड यांचा हा प्रताप. टाकी पूर्ण रिकामी करून पुन्हा भरा, ६० अंशांपर्यंत तापवा, ते पाणी सोडून द्या. बहुतेक वेळा एवढ्याने जातो.

सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब: तापताना पाणी फुगतं, त्यामुळे चार थेंब पडणारच. सतत धार लागली तर व्हॉल्व्ह बदला. गळतो म्हणून त्याला बूच मारणं म्हणजे घरात बॉम्ब लावण्यासारखं आहे.

गळती नेमकी कुठून, हेही बघून ठेवा. पाइपच्या जोडणीतून असेल तर टेफ्लॉन टेप किंवा कनेक्शन पाइप बदलून काम होतं. कॉइलच्या प्लेटमधून असेल तर गास्केट. टाकीच्या जोडातून असेल तर दुरुस्तीत पैसे घालू नका.

६. बंद घर उघडल्यावरचा क्रम

गिझर जळण्याचं कोकणातलं नेहमीचं कारण म्हणजे रिकामी टाकी. चतुर्थीच्या आदल्या रात्री पोचायचं, सगळे एमसीबी वर करायचे, पंप मात्र सकाळी लावायचा. रात्रभर कॉइल कोरडी तापते. क्रम असा ठेवा: आधी वरची टाकी भरा, मग गरम पाण्याचा नळ सोडून हवा संपून सलग धार येईपर्यंत थांबा, मग वीज. त्याआधी सॉकेटची भोकं आणि सेफ्टी व्हॉल्व्हचं तोंड टॉर्चने बघा. कुंभारीण माशी तिथे मातीचं घर करून बसलेली असते.

घर महिनोन्महिने बंद ठेवणार असाल तर जाताना एमसीबी पाडा, प्लग काढा, गिझरची टाकी रिकामी करा. परतीच्या पावसातल्या विजांपासूनही वाचाल.

पुराचं पाणी गिझरला लागलं असेल तर तो वाळला तरी सुरू करू नका. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात असे गिझर घरोघरी होते. टाकीभोवतीचा फोम पाणी धरून ठेवतो. उघडून, वाळवून, इन्सुलेशन मेगरने (ते मोजायच्या मीटरने) तपासल्याशिवाय वीज द्यायची नाही.

७. गॅस गिझर: इथे घरगुती प्रयोग नकोत

पेटत नसेल तर आधी सेल बदला, बहुतेकांत १.५ व्होल्टचे दोन मोठे सेल असतात आणि दमट हवेत त्यांची टोकं गंजतात. सेल ठीक असतील तर पाण्याचा दाब बघा. बाथरूमच्याच छतावर टाकी असेल तर दाब इतका कमी पडतो की आतला पडदा हलत नाही आणि ठिणगी पडत नाही. टाकी उंच करा, नाहीतर प्रेशर पंप लावा. एवढं आपण बघायचं. पुढचं कंपनीच्या माणसाने.

गॅस गिझर बाथरूमच्या आत नको. तो ऑक्सिजन खातो आणि ज्वाला अर्धवट जळली तर कार्बन मोनॉक्साइड सोडतो, ज्याला वास नाही, रंग नाही. जुन्या न्हाणीत कौलांच्या फटी होत्या, धूर निघून जायचा. आताच्या स्लॅबच्या बाथरूमला एक छोटी झडप, आणि तीही पावसाची झड येते म्हणून आपण प्लास्टिक लावून बंद करतो. श्रावणातली ही सोय जिवावर बेतते. गिझर बाहेर, हवेशीर पडवीत किंवा मागच्या भिंतीला, पाऊस लागणार नाही असा लावा. ज्वाला निळी हवी. पिवळी झाली किंवा गिझरवर काजळी दिसली तर वापर थांबवा. आंघोळीत डोकं दुखणं, गरगरणं, मळमळणं सुरू झालं तर लगेच मोकळ्या हवेत या. कोणी आत बेशुद्ध असेल तर दार उघडून बाहेर काढा आणि १०८ ला फोन करा.

गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, कुठल्याही बटणाला हात नाही, आणि घराबाहेर जाऊन गॅस गळतीच्या १९०६ या नंबरला फोन. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. पंखा लावून तो घालवायला जाऊ नका. गॅसची नळी दर ५ वर्षांनी बदला. आणखी एक: सिलिंडर, रेग्युलेटर, नळी हे गॅस एजन्सीच्या मेकॅनिकचं काम, आणि गिझर हे गिझर कंपनीच्या माणसाचं. एकाला बोलावून दोन्ही होतील अशी आशा ठेवू नका.

८. कोणाला बोलवायचं, आणि कसं

वॉरंटी चालू असेल तर कंपनीलाच. बाहेरच्या माणसाने झाकण उघडलं की वॉरंटी गेलीच समजा. कंपनीचा नंबर गिझरच्या स्टिकरवरून किंवा वॉरंटी कार्डावरून घ्या. इंटरनेटवर शोधून पहिला दिसेल तो नंबर लावू नका. खोटे कस्टमर केअर नंबर तिथेच पेरलेले असतात. 'नोंदणीसाठी दहा रुपये भरा', 'हे ॲप टाका' म्हटलं की फोन ठेवा. पैसे गेलेच तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा.

वॉरंटी संपली असेल तर गावातला चांगला वायरमन पुरतो. कॉइल, थर्मोस्टॅट, गास्केट बदलणं त्याला जमतं. वायरिंग किंवा अर्थिंग नव्याने करायचं असेल तर परवाना असलेल्या ठेकेदाराकडून करा. कसा माणूस चांगला? जो आल्या आल्या पाना काढत नाही, आधी मीटर काढतो.

वेळेचं भान ठेवा. भाद्रपद लागला की वायरमन मंडपाच्या रोषणाईत आणि चाकरमान्यांच्या पंपांत अडकलेला असतो. गणपतीआधीचं काम श्रावणाच्या सुरुवातीलाच सांगा. वाडीत दोन-तीन गिझर बिघडले असतील तर एकत्र तक्रार नोंदवा. एका फेरीसाठी कंपनीचा माणूस टाळाटाळ करतो, तिघांसाठी येतो.

हाताशी ठेवा:

- खरेदीचं बिल (थर्मल कागदाचं असेल तर आजच झेरॉक्स, त्याची शाई उडते)
- वॉरंटी कार्ड, दुकानाच्या शिक्क्यासह
- स्टिकरचा फोटो
- बिघाडाचा छोटा व्हिडिओ: आवाज, गळती, दिवा
- आधीच्या दुरुस्तीच्या पावत्या
- वीजबिल, मंजूर भारासाठी

फोनवर 'गिझर बंद आहे' एवढंच सांगू नका. 'दिवा लागतो, पाणी गार, एमसीबी पडत नाही, व्होल्टेज ठीक' असं सांगा. म्हणजे माणूस येतानाच कॉइल घेऊन येतो. घाट उतरून परत जायची त्याची फेरी वाचते आणि आपला व्हिजिट चार्जही.

९. मेकॅनिक आल्यावर

व्हिजिट चार्ज, प्रवासाचे पैसे आणि सुट्या भागांची किंमत आधी विचारा. काढलेला जुना भाग मागून घ्या आणि नवीन भागाचं पाकीट उघडताना समोर उभे राहा. कॉइल बदलली तर गास्केटही नवीन हवं, जुनं परत बसवलं की महिन्याभरात गळतं. कॉइल काढलीच आहे तर ॲनोडही बघायला सांगा, त्याला वेगळे पैसे लागायचं कारण नाही. जाण्याआधी पाणी एकदा पूर्ण तापवून दिवा आपोआप बंद होतो का, ते बघा. पावतीवर काय बदललं, हे लिहून घ्या. 'रिपेरिंग' एवढ्या एका शब्दावर सही करू नका.

१०. नवीनच घ्यायचा झाला तर

टाकी गळत असेल तर घ्या, नुसती कॉइल गेली म्हणून घेऊ नका. किनाऱ्याजवळ पत्र्याच्या बॉडीपेक्षा प्लास्टिकची, आणि टाकी ग्लासलाइन्ड (आतून काचेचा थर दिलेली) बघा. वॉरंटी वाचताना टाकीची, कॉइलची आणि बाकीच्या यंत्राची मुदत वेगवेगळी असते, आणि काही कार्डांवर पाण्याच्या टीडीएसची (विरघळलेल्या क्षारांच्या प्रमाणाची) अट बारीक अक्षरांत असते, ती दुकानातच वाचा. आयएसआय खूण हवी. विजेच्या स्टोरेज गिझरसाठी आयएस २०८२, गॅस गिझरसाठी आयएस १५५५८. खुणेखालचा परवाना क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकून खरा-खोटा बघता येतो.

११. कोणी ऐकत नसेल तर

वॉरंटीत असून कंपनी तारखांवर तारखा देत असेल तर तक्रार क्रमांक आणि मेसेज जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, कळवा. बरीचशी प्रकरणं इथेच मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. अर्ज ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या करता येतो, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मुदत मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांची आहे.